आम्हाला सभासद करून घ्या

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, व्याख्यानमाला, नाट्यगृहे, ग्रंथालये आणि साहित्य संस्था यांचे अध्यक्ष, सचिव, विश्वस्त आणि कार्यकर्ते यांस



दरवर्षी ३ डिसेंबर, म्हणजे जागतिक अपंग दिन, जवळ आला की आपल्यापैकी अनेकांच्या संस्थांत अपंगांची आठवण निघते. सभागृह ठरते, प्रमुख पाहुणे ठरतात, चार-सहा जणांना शाल-श्रीफळ दिले जाते, काही तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रे वाटली जातात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर बातमी येते. आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही. सायकलीची गरज असणाऱ्याला सायकल मिळाली, हे चांगलेच झाले. तक्रार त्यापुढची आहे. ज्या संस्थेने डिसेंबरात सायकल दिली, त्याच संस्थेच्या उन्हाळी व्याख्यानमालेला, दिवाळी पहाटेला किंवा वार्षिक सर्वसाधारण सभेला ती सायकल घेऊन आत येता येत नाही. ज्याला श्रवणयंत्र दिले, त्याला त्याच सभागृहात भाषण कळावे अशी कोणतीही सोय नसते. आपल्या दप्तरात आमची नावे लाभार्थ्यांच्या यादीत आहेत. सभासद, श्रोते, कलावंत, वक्ते, वर्गणीदार, कार्यकर्ते यांच्या याद्यांत ती क्वचितच सापडतात. हे पत्र त्या दुसऱ्या याद्यांसाठी आहे.

हे सरकारला न लिहिता आपल्याला का लिहितो, असे आपण विचाराल. सरकारकडे कायदा आहे, प्रमाणपत्र आहे, पेन्शन आहे, आणि २०२२च्या डिसेंबरपासून महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. तिथल्या तक्रारींची यादी वेगळी आणि लांब आहे. पण माणूस समाजाचा घटक होतो तो प्रमाणपत्राने होत नाही. महाराष्ट्रात तरी तो चार माणसांत बसून, बोलून, वाद घालून, वर्गणी गोळा करून, मांडव घालून होत आला आहे. १८७०ची पुण्याची सार्वजनिक सभा, १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला, १८९३ साली टिळकांनी घरातून चौकात आणलेला गणपती, त्याच काळात ठाण्यात आणि मुंबईत उभी राहिलेली मराठी ग्रंथसंग्रहालये, या सगळ्यांनी मिळून मराठी माणसाला सार्वजनिक आयुष्य दिले. गल्लीतला मुलगा पहिल्यांदा माइक हातात धरतो तो मंडळाच्या मांडवात. हिशेब ठेवायला, भांडण मिटवायला, परक्या माणसाशी बोलायला तो तिथेच शिकतो. पुढे तोच नगरसेवक होतो, नट होतो, पत्रकार होतो. आपल्या संस्था ही समाजाची खरी शाळा आहे, आणि त्या शाळेत आम्हाला प्रवेश मिळालेला नाही. म्हणून पत्र आपल्याला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. अपंग माणसाने स्वतःबद्दल अभिमान बाळगावा, न्यूनगंड ठेवू नये, असे आपल्या व्यासपीठांवरून आम्हाला नेहमी सांगितले जाते. हा उपदेश आमच्या एकेकट्याच्या मनाला उद्देशून असतो. पण अभिमान एकट्याने, खोलीत बसून, मनाचा निश्चय करून तयार होत नाही. तो सोबतीतून येतो. आपल्यासारखी दहा माणसे भेटली, त्यांच्याबरोबर हसता-रडता आले, आपला काही इतिहास आहे हे कळले, आणि बाकीच्या गावाने आपल्याला कामाचा माणूस म्हणून वागवले, की तो येतो. आपण अभिमानाचा उपदेश करता आणि तो जिथे घडतो त्या जागा पायऱ्यांवर बांधून ठेवता. यातली विसंगती आपल्या लक्षात आणून द्यावी, एवढ्यासाठी मी ही मांडणी करतो आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक असतो. पंगुत्वाचा अभिमान कसला? वेदना, औषधे, परावलंबन यांत अभिमान वाटण्यासारखे काय आहे? त्यावर माझे उत्तर असे. वेदना खरी असते, आणि ती नाही असे कोणीही सांगू नये. ज्याला उपचार हवे आहेत त्याला ते मिळालेच पाहिजेत. पण आमच्या आयुष्यातला जो भाग आपण वेदना म्हणून मोजता, त्यातला मोठा हिस्सा शरीरातून येत नाही. पायऱ्या, अरुंद दरवाजे, न वाचता येणारी कागदपत्रे, लग्नाच्या बैठकीत लपवलेली मुलगी आणि शाळेने नाकारलेला मुलगा यांतून येतो. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७६ साली हा फरक स्पष्ट शब्दांत मांडला: शरीरातली उणीव वेगळी आणि समाजाने त्या उणिवेवर रचलेली अडवणूक वेगळी. ही दुसरी गोष्ट ज्याला कळली, तो स्वतःच्या शरीराची लाज बाळगणे सोडून देतो. अभिमान म्हणजे ही लाज झुगारणे, आणि त्याचबरोबर ज्यांनी ती आपल्याआधी झुगारली त्यांच्याशी नाते सांगणे.

तसे नाते सांगण्यासारखी माणसे आहेत. १९७७च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्र सरकारच्या इमारतीत अपंग हक्क कार्यकर्त्या जूडी ह्यूमन आणि त्यांचे शंभराहून अधिक साथी आठवड्यांमागून आठवडे ठाण मांडून बसले, अपंगांशी होणारा भेदभाव रोखणाऱ्या, पण रखडवलेल्या नियमांवर मंत्र्यांची सही होईपर्यंत उठले नाहीत. त्यात अंध होते, बहिरे होते, चाकाच्या खुर्चीवरचे होते, आणि ते एकमेकांची कामे करत होते. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या समान हक्कांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये अपंगांचा अभिमान मोर्चा निघाला. शिकागोतली मिरवणूक २००४पासूनची. जुलै महिना आज अनेक देशांत या अभिमानाचा महिना म्हणून पाळला जातो. या चळवळीच्या झेंड्याची एक हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. अॅन मॅगिल यांनी तो प्रथम केला तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर भडक रंगांचे नागमोडी पट्टे होते. पडद्यावर ते लुकलुकतात, अर्धशिशीचा आणि फिट्सचा त्रास असलेल्यांना बाधतात, असे अपंग समाजातल्याच माणसांनी सांगितले. २०२१ साली मॅगिल यांनी पट्टे सरळ केले आणि रंग सौम्य केले. निशाण आधी ठरवून माणसांना त्याखाली उभे करण्याऐवजी माणसांसाठी निशाण बदलले गेले. आपल्या संस्थांकडून आम्हाला नेमके हेच हवे आहे.

ही सगळी परदेशी गोष्ट आहे, असे कृपया म्हणू नका. १९९५च्या डिसेंबरात जावेद अबिदी आणि देशभरातले अपंग कार्यकर्ते दिल्लीच्या रस्त्यावर उतरले, तेव्हा भारतातला पहिला अपंग हक्क कायदा संसदेत मंजूर झाला. २००१च्या जनगणनेत आमची मोजणी व्हावी म्हणूनही लढावे लागले. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि तिच्या कामाची सूत्रे अपंगांच्याच हातात ठेवली. स्वागत थोरात यांनी २००८च्या फेब्रुवारीत 'स्पर्शज्ञान' हे ब्रेलमधले मराठी पाक्षिक सुरू केले, आणि मराठीत अंध वाचकांचा एक वाचकवर्ग उभा राहिला. कर्णबधिरांच्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये खुणांच्या भाषेत जे विनोद, टोपणनावे, किस्से पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, ती एक जिवंत संस्कृती आहे. ज्यांना ती भाषा येत नाही त्यांना तिचा पत्ता नसतो एवढेच. आमचे सामुदायिक आयुष्य आहे. ते आपल्या सामुदायिक आयुष्याला येऊन मिळत नाही, कारण मधे आपला दरवाजा आहे.

आता आपल्या सत्कारांबद्दल थोडे बोलतो, कारण तिथे आपले आणि आमचे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानाला पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे त्या सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्यावर चित्रपट आला २०२४मध्ये. मधल्या काळात त्यांचे नाव किती मराठी शाळांतल्या मुलांना माहीत होते, याचा विचार आपणच करा. जेव्हा आपण अशा माणसाचा सत्कार करता, तेव्हा सूत्रसंचालक हमखास म्हणतो की यांनी अपंगत्वावर मात केली, आणि आपण धडधाकट असून काय करतो? म्हणजे त्या व्यक्तीचा उपयोग समोर बसलेल्यांना लाजवण्यासाठी किंवा हुरूप देण्यासाठी होतो. ऑस्ट्रेलियातल्या स्टेला यंग यांनी २०१४ साली या वृत्तीवर सडकून टीका केली, ती अनेकांनी ऐकली असेल. पेटकर मोठे आहेत ते जलतरणपटू म्हणून आणि सैनिक म्हणून. त्यांच्या पोहण्याबद्दल बोलावे, सरावाबद्दल विचारावे, त्यांना परीक्षक म्हणून बोलवावे. आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळवले. त्यांना ३ डिसेंबरला बोलावता तसे राष्ट्रीय क्रीडादिनालाही बोलवा.

'चाकाची खुर्ची' हे नसीमाताईंचे आत्मकथन मराठी वाचकांनी मनापासून वाचले. हे पुस्तक ज्या ग्रंथालयांच्या कपाटात आहे, त्यांतली किती ग्रंथालये जिना न चढता गाठता येतात? वाचून डोळे पाणावले, हे मी खोटे म्हणत नाही. पण ते वाचल्यावर किती कार्यकारिणींच्या बैठकीत उताराचा ठराव आला, हा प्रश्न विचारायचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

कायदा काय सांगतो, हेही आपल्यासमोर ठेवले पाहिजे, कारण आपल्यापैकी बरेच जण हा विषय अजून सौजन्याचा समजतात. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत. कुष्ठरोगातून बरे झालेले, स्वमग्न, मानसिक आजार असलेले, थॅलेसेमियाचे रुग्णही त्यात येतात. कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक इमारत म्हणजे केवळ कचेरी नव्हे. लोक जिथे धार्मिक, सांस्कृतिक किंवा करमणुकीच्या कारणाने जातात ती इमारत, मग ती सरकारी असो वा खासगी. अशा जुन्या इमारती सुगम्य करण्यासाठी नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७मध्ये आले. मुदत २०२२मध्ये संपली. नियमांतले सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीसारखे आहेत, ही पळवाटही सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यातल्या ८ नोव्हेंबर २०२४च्या निकालात बंद केली, आणि किमान निकष सक्तीचे करा असा केंद्राला आदेश दिला. याच कायद्याचे पाचवे कलम आम्हाला समाजात राहण्याचा हक्क देते आणि एकोणतिसावे कलम सांस्कृतिक आयुष्यात बरोबरीने भाग घेण्याचा. त्या एकोणतिसाव्या कलमात एक तरतूद आहे, जी आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असावी: अपंगांच्या ऐतिहासिक अनुभवांची नोंद ठेवणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे संग्रहालय उभारावे, असे संसदेनेच सांगितले आहे. ज्या समाजाला इतिहास आहे त्याचेच संग्रहालय होते. अभिमानाची ही मागणी चार उत्साही तरुणांच्या डोक्यातून आलेली नाही. ती देशाच्या कायद्यात लिहिलेली आहे.

आपले आक्षेप मला माहीत आहेत. त्यांना टाळून पुढे जाणार नाही.

पहिला नेहमीचा: "आमच्या कार्यक्रमाला अपंग माणसे येतच नाहीत, मग सोय कोणासाठी करायची?" २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती, आणि तेव्हा मोजणी आठच प्रकारांत झाली होती. जागतिक आरोग्य संघटना तर जगातल्या साधारण १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व असल्याचे सांगते. ही माणसे आपल्याच गल्लीत, आपल्याच सोसायटीत राहतात. ती येत नाहीत, कारण आल्यावर काय होते हे त्यांना ठाऊक आहे. येणाऱ्यांची संख्या पाहून दरवाजा रुंद करायचा असेल, तर तो कधीच होणार नाही. यावर काही हितचिंतक म्हणतात, लोकांना सांगा की म्हातारपणी तुम्हालाही हा उतार लागेल. ते खरे आहे, पण त्यावर मी मागणी उभी करणार नाही. आजच्या आमच्या हक्काला इतरांच्या उद्याच्या गुडघेदुखीचा जामीन लागू नये.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि प्रेमाने केलेला असतो: "काळजी कशाला, आमचे चार कार्यकर्ते खुर्चीसकट उचलून आत नेतील." त्या तरुणांच्या मनात चांगुलपणा आहे. पण ज्याला उचलून नेले, त्याला मधेच उठून जाता येत नाही. स्वच्छतागृहाला जायचे तर पुन्हा चौघांना शोधावे लागते, म्हणून तो सकाळपासून पाणी पीत नाही. बॅटरीवर चालणारी खुर्ची इतकी जड असते की उचलताना ती आणि माणूस दोन्ही पडण्याचा धोका असतो. बाईला परक्या पुरुषांनी उचलणे म्हणजे काय, हे मी लिहायला नको. आणि सगळ्या सभेच्या नजरा अंगावर घेत हवेतून आत गेलेला माणूस नंतर हात वर करून वक्त्याला प्रश्न विचारेल, वाद घालेल, ही अपेक्षा कशी करावी? पुरस्काराच्या वेळी अध्यक्ष स्वतः खाली उतरून येतात तेव्हाही तेच होते. अध्यक्षांचे सौजन्य दिसते, आणि बाकीचे सगळे मानकरी ज्या व्यासपीठावर बसले आहेत तिथे हा एक मानकरी नसतो. आपल्या बहुतेक सभागृहांत प्रेक्षकांच्या बाजूने एखादा उतार असला तरी रंगमंचावर, विंगेत, मेकअपच्या खोलीत जायला पायऱ्याच असतात. अपंग माणूस बघायला येईल इथपर्यंत आपली कल्पना पोचली. तो नाटक करायला, गायला, अध्यक्षपद भूषवायला येईल, तिथपर्यंत अजून पोचलेली नाही.

तिसरा आक्षेप पैशांचा. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाची ओढाताण मला समजते. म्हणून हिशेबानेच बोलू. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ फूट उंचीला १२ फूट लांब लागतो. आपले तात्पुरते व्यासपीठ ३ फुटांचे असेल तर उतार ३६ फुटांचा होतो, मांडवात तेवढी जागा नसते, आणि प्रश्न अशक्य वाटतो. व्यासपीठ १ फुटाचे केले तर १२ फुटांत काम भागते, आणि सुताराचा खर्चही कमी होतो. दर्शनाच्या रांगेचे बॅरिकेड थोडे रुंद ठेवायला पैसे लागत नाहीत. रोज एक तास ढोल आणि ध्वनिवर्धक बंद ठेवून शांत दर्शनाची वेळ ठेवली, तर स्वमग्न मुलांना घेऊन त्यांचे आईवडील येऊ शकतात; त्यालाही पैसे लागत नाहीत. वक्त्याचे भाषण लेखी असेल तर ते आधी मागून घेऊन फोनवर पाठवता येते. खुणांच्या भाषेच्या दुभाष्याला मानधन द्यावे लागते, हे खरे. तो फुकट मिळावा अशी अपेक्षाही ठेवू नका, ते त्याचे शिक्षण आणि श्रम आहेत. पण रोषणाई आणि ध्वनियंत्रणेच्या खर्चाशेजारी तो आकडा लिहून बघा. दुभाष्याला अंधारात उभे करू नका, त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांवर दिवा हवा. शिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो. महापालिकेच्या आणि नगरपालिकेच्या नाट्यगृहांच्या उतारांसाठी तो वापरा, असा आग्रह नाट्य परिषदा आणि साहित्य संस्था धरू शकतात. आपला शब्द तिथे आमच्यापेक्षा जास्त वजनाचा आहे.

चौथा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. "तुमच्यासाठी आनंदवन आहे, चांगल्या संस्था आहेत, वेगळी संमेलने घ्या, आम्ही देणगी देऊ." आनंदवनाबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. वरोऱ्याजवळच्या माळरानावर बाबा आमट्यांनी जी वसाहत उभी केली, ती का करावी लागली, हे मात्र विसरू नये. गावांनी कुष्ठरुग्णांना बाहेर काढले होते म्हणून. गावाने दरवाजा लावला म्हणून जी जागा निर्माण झाली, तिचे नाव सांगून गावाने दरवाजा तसाच ठेवणे हे आनंदवनालाही न्याय देणारे नाही. आमच्या स्वतःच्या बैठका, आमची मासिके, आमचे खेळ आम्हाला हवेतच. तिथे स्पष्टीकरणे द्यावी लागत नाहीत, तिथे आम्ही मोकळे असतो. पण वेगळे बसायचे की एकत्र, हे आम्ही ठरवावे. एका वाटेवर पायऱ्या असतील तर ते ठरवणे आमच्या हातात राहत नाही.

ग्रंथालये आणि प्रकाशक यांच्याकडे माझी एक खास विनंती आहे, कारण हा विषय सगळ्यांत कमी बोलला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण सर्वांनी आनंद साजरा केला, आम्हीही केला. पण त्या भाषेतली बरीच पुस्तके अंध वाचकाच्या कानापर्यंत पोचत नाहीत. कारण साधे आहे. आपली बरीच पुस्तके आणि स्मरणिका अजून जुन्या फाँटमध्ये जुळवल्या जातात. संगणकाच्या लेखी ती देवनागरी नसतेच, त्यामुळे पडदावाचक प्रणाली ती वाचायला घेते तेव्हा रोमन अक्षरांचा अर्थहीन कचरा ऐकू येतो. स्कॅन केलेली पीडीएफ तर नुसते चित्र असते. मजकूर युनिकोडमध्ये जुळवला तर हा अडथळा तिथेच संपतो. कायदा आड येत नाही: २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अंध व इतर वाचन-अपंगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप करण्याची मुभा आहे, आणि याच विषयावरचा माराकेश करार २०१४ साली सर्वप्रथम मान्य करणारा देश भारत होता. २०१६पासून सुगम्य पुस्तकालय हे डिजिटल ग्रंथालय चालू आहे. प्रकाशकांनी आपल्या मराठी पुस्तकांची युनिकोड फाइल तिथे द्यावी. नवे पुस्तक निघाले की अंध वाचकाला ते त्याच आठवड्यात वाचता यावे, त्यावर चाललेल्या चर्चेत त्याला त्याच वेळी भाग घेता यावा. दोन वर्षांनी ब्रेल प्रत आली तर पुस्तक मिळते, पण चर्चा संपून गेलेली असते.

नाट्यसंस्थांनाही असेच काही सांगायचे आहे. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने चित्रपटांसाठी संवादपट्ट्या (कॅप्शन) आणि ध्वनिवर्णन यांची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नाटकाला ती लागू नाहीत, पण मराठी माणसाला नाटकाचा जेवढा अभिमान आहे, तेवढा पाहता नाटकाने चित्रपटाच्या मागे राहू नये. महिन्यातला एक प्रयोग संवादांच्या पट्टीसह करा. संहिता तुमच्याकडे तयारच असते. आणि अपंग पात्राच्या भूमिकेसाठी एकदा तरी अपंग नटाची चाचणी घ्या. लंगडण्यावर, तोतरेपणावर, बहिरेपणाच्या गोंधळावर हशा मिळवणारे प्रवेश अजून रंगभूमीवर टाळ्या घेतात. जुलै २०२४मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फरक करून दाखवला आहे: अपंगत्व समजून घेऊन केलेला विनोद वेगळा, आणि अपंग माणसाला तुच्छ ठरवणारा विनोद वेगळा. तो फरक आपल्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी वाचावा. विनोद आम्हालाही आवडतो. तो आमच्याकडे बोट न दाखवता आमच्यासोबत व्हावा.

शेवटी मूळ विनंतीकडे येतो. वर जे जे मागितले ते सगळे आपण उद्या करून दिले, आणि ठरवणारे मात्र आपणच राहिलात, तर आम्ही पुन्हा लाभार्थीच राहू, फक्त जरा चांगल्या सोयीचे. उतार कुठे हवा, दुभाषी कोण चांगला, निमंत्रणपत्रिका कशी असावी, शांत दर्शनाची वेळ कोणती, हे आमच्यातल्या माणसांनी आपल्या बैठकीत बसून सांगितले पाहिजे, आणि चुकले तर त्यांनाच जाब विचारता आला पाहिजे. म्हणून आपल्या कार्यकारिणीत अपंग सभासद घ्या. 'दिव्यांग विभाग' असा कोपरा करून त्यांना तिथे बसवू नका. त्यांना खजिनदार करा, कार्यक्रम समितीत घ्या, स्मरणिकेचे संपादन द्या, वर्गणी मागायला पाठवा. साहित्य संस्थांनी संमेलनातल्या परिसंवादांत अपंग लेखकांना अपंगत्वाखेरीज इतर विषयांवरही बोलवावे. कवितेवर, शेतीवर, राजकारणावर त्यांना मते असतात. आणि एकोणतिसाव्या कलमातल्या त्या संग्रहालयासाठी साहित्य संस्था, ग्रंथालये आणि अपंगांच्या संघटना यांनी एकत्र येऊन राज्य सरकारकडे मागणी करावी. ब्रेलच्या पाट्या, जुने कॅलिपर, कर्णबधिर शाळांच्या हस्तलिखित मासिकांचे अंक, मोर्चांचे फलक, लोकांच्या घरांत पडून आहेत. गोळा करणारे कोणी नसेल तर ते रद्दीत जातील.

या सगळ्याला वेळ लागेल. पण एक काम आपल्या पुढच्याच कार्यक्रमापासून होऊ शकते. निमंत्रणपत्रिकेवर चहापानाच्या सूचनेखाली तीन ओळी छापा: सभागृहात पायऱ्यांशिवाय जाता येते की नाही, चाकाची खुर्ची जाईल असे स्वच्छतागृह आहे की नाही, आणि खुणांच्या भाषेचा दुभाषी किंवा लेखी मजकूर हवा असल्यास कोणाला, कोणत्या तारखेपर्यंत फोन करावा. उत्तर 'नाही' असेल तरी ते छापा. निदान दारापर्यंत येऊन परत जावे लागणार नाही, आणि 'नाही' कुठे कुठे आहे याची यादी आपल्यालाही मिळेल. आपल्या उत्तराची मी वाट पाहीन, आणि ते आपल्या पुढच्या पत्रिकेवर शोधीन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
आपल्या सभासदांच्या यादीत नाव असावे अशी इच्छा असलेला
एक अपंग मराठी वाचक आणि प्रेक्षक